‘व्हीएममध्ये हार्डवेअर प्रोफायलिंग होत नाही’ : एक प्रतिवाद

इंजिनिअरांच्या ग्रुपांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर, म्हणजे आत काय किती वेळा घडलं ते मोजणारी रजिस्टरं, दिसतच नाहीत. दिसले तरी आकडे खोटे असतात, कारण हायपरवायझरचं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम त्यात मिसळतं. शिवाय मोजायला बसलं की मशीन रांगायला लागतं, सुरक्षेला भगदाड पडतं आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या मशीनवर हलवणं) बंद होतं. म्हणून परफॉर्मन्सचं काम करायचं तर बेअर मेटल, म्हणजे व्हीएमशिवायचं अख्खं मशीन, घ्या.

हा मजकूर वाचून लोक मोजायचंच सोडून देतात, आणि मग साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं: सर्व्हिस मंद झाली की कोअर दुप्पट करा, मेमरी वाढवा, बिल भरा. ब्रँच प्रेडिक्शन (कोड पुढे कुठल्या वाटेला जाईल हा प्रोसेसरचा अंदाज) चुकतंय की डेटा कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत) मावत नाही, हे कुणी बघतच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘काउंटर दिसतच नाहीत.’ गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, लिनक्सच्या ‘पर्फ’ या मोजणीच्या साधनाचं ‘पर्फ स्टॅट’ चालवल्यावर सायकल्सपुढे ‘नॉट सपोर्टेड’ असं येतं, तिथून ही समजूत निघते. पण तो संदेश एवढंच सांगतो की या मशीनला पीएमयू, म्हणजे काउंटर सांभाळणारा प्रोसेसरचा भाग, दिलेला नाही. द्यायची सोय जुनी आहे. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरवायझरमध्ये ती 2012 च्या लिनक्स 3.3 पासून आहे, व्हीएमवेअरमध्ये त्याच वर्षीच्या व्हीस्फिअर 5.1 पासून. एआरएम प्रोसेसरांवर केव्हीएमने ती 2016 मध्ये आणली, आणि विंडोज सर्व्हर 2019 पासून मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्येही पीएमयू चालू करता येतो. केव्हीएमसोबत चालणाऱ्या क्यूईएमयूमध्ये तर सीपीयूच्या ओळीत ‘पीएमयू ऑन’ लिहायचा अवकाश. परफॉर्मन्सतज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी 2017 मध्येच अ‍ॅमेझॉनच्या ईसी2 या क्लाउड सेवेवर हे काउंटर वाचून दर सायकलला किती इन्स्ट्रक्शन्स होतात ते मोजून दाखवलं होतं. तेव्हा काउंटर नसणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि तो का घेतला हे आपल्या प्लॅटफॉर्म टीमला किंवा क्लाउडवाल्यांना विचारता येतं. विचारायलाच हवं.

‘आकड्यांत हायपरवायझर मिसळतो.’ या मुद्द्यावर जरा थांबू, कारण इथे खरं आणि खोटं गुंतलेलं आहे. गेस्ट जेव्हा काउंटर सुरू करतो, तेव्हा पारंपरिक केव्हीएम होस्टच्या (खालच्या खऱ्या मशीनच्या) पर्फकडून त्याच्या नावाने एक इव्हेंट (मोजायची एक गोष्ट) उघडून घेतो, आणि त्यावर ‘होस्टमधलं मोजू नको’ अशी खूण असते. ही खूण हार्डवेअर पाळतं. इंटेलमध्ये गेस्टमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना काउंटरांचं मुख्य नियंत्रण रजिस्टर आपोआप बदललं जातं. एएमडीमध्ये प्रत्येक काउंटरलाच ‘फक्त गेस्ट’ किंवा ‘फक्त होस्ट’ असा बिट आहे. म्हणजे मिसळण होऊ नये याची तजवीज सिलिकॉनमध्येच केलेली आहे. व्हीएमवेअर तर हायपरवायझर काम करत असताना कोणते काउंटर गोठवायचे, ही निवडच वापरणाऱ्याला देतो.

आकडे चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. होस्टवरही कुणी पर्फ लावून बसलं असेल आणि काउंटर कमी पडले, तर गेस्टचा इव्हेंट मागे राहतो आणि गेस्टला त्याचा पत्ता लागत नाही. आकडा येतो, पण अपुरा. हा दोष गंभीर आहे आणि मी तो लपवणार नाही. त्यावर उपाय म्हणून गूगल आणि इंटेलच्या इंजिनिअरांनी 2024 मध्ये केव्हीएमसाठी वेगळी रचना मांडली: गेस्ट चालू असेपर्यंत काउंटर थेट त्याच्याच ताब्यात द्यायचे, आणि बाहेर पडताना त्यांची स्थिती जपून ठेवायची. ती रचना हाताशी नसेल, तर मोजणीच्या वेळी होस्टवरचं प्रोफायलिंग बंद ठेवायला सांगा.

काउंटर किती काटेकोर असू शकतात, याचा कडक पुरावा म्हणजे ‘आरआर’ हा डीबगर. प्रोग्रामची धाव नोंदवून ती जशीच्या तशी पुन्हा चालवायची, हे त्याचं काम, आणि ते पार पडलेल्या कंडिशनल ब्रँचच्या (अटीनुसार वाट बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) मोजणीवर उभं आहे. एका ब्रँचची चूकही त्याला चालत नाही. तो केव्हीएमच्या गेस्टमध्ये चालतो. व्हीएमवेअरमध्ये दोन सीपीयूआयडी (प्रोसेसरची माहिती विचारणाऱ्या) इन्स्ट्रक्शन्स जवळजवळ आल्या की मधली ब्रँच मोजणीतून सुटते, हे आरआरवाल्यांनीच शोधलं, आणि ही चूक घडवणारा व्हीएमवेअरचा शॉर्टकट बंद करणारं सेटिंगही त्यांच्या सूचनांमध्ये आहे. आकडे मुळातच खोटे असते, तर एवढीशी चूक कुणाच्या हाती लागली असती?

‘मशीन रांगायला लागतं.’ मोजणं आणि सॅम्पलिंग (ठराविक अंतराने कोड कुठे आहे ते टिपणं) हे दोन वेगळे खर्च आहेत. काउंटर एकदा लावला की हार्डवेअर तो फुकट पळवतं. खर्च येतो तो रजिस्टर लिहिताना आणि काउंटर भरून इंटरप्ट येताना, कारण पारंपरिक रचनेत अशा प्रत्येक वेळी गेस्टमधून बाहेर पडावं लागतं. म्हणून साधा ‘पर्फ स्टॅट’ स्वस्त पडतो, आणि भरमसाट वारंवारितेने सॅम्पलिंग करणारा ‘पर्फ रेकॉर्ड’ महाग. वारंवारिता कमी करा, एका वेळी मोजके इव्हेंट घ्या. काउंटर आलटून पालटून वापरायची वेळ आली की रजिस्टरांची लिहालिही वाढते आणि खर्च चढतो.

‘सुरक्षेला भगदाड.’ काळजी रास्त आहे. झेन या हायपरवायझरने 2015 मध्ये आपल्या व्हर्च्युअल पीएमयूला सुरक्षेच्या हमीतून बाहेर काढलं होतं. पण त्यानंतर जग तिथेच थांबलेलं नाही. 2019 च्या लिनक्स 5.3 पासून गेस्टला नेमके कोणते इव्हेंट द्यायचे याची यादी होस्ट ठरवू शकतो. सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, कॅश आणि ब्रँच यांचे इंटेलचे सात आर्किटेक्चरल (पिढी बदलली तरी तेच राहणारे) इव्हेंट द्या, बाकी रोखा. आणि शेजाऱ्याच्या कॅशची चाहूल घेणारे हल्ले नुसत्या टाइमस्टॅम्प काउंटरवरही (प्रोसेसरच्या घड्याळावरही) होतात. तो प्रत्येक गेस्टला आधीपासून मिळतोच. पीएमयू बंद केला म्हणजे दार बंद झालं, असं समजून निर्धास्त राहण्यात जास्त धोका आहे.

‘लाइव्ह मायग्रेशन मोडतं.’ वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांमध्ये हलवाहलव करायची असेल, तर अडचण येते. एकाच पिढीच्या क्लस्टरमध्ये हा मुद्दा बराचसा गळून पडतो.

‘म्हणून बेअर मेटल घ्या.’ काही कामांना ते खरोखर लागतं. मेमरी बँडविड्थ आणि सॉकेटभरच्या (अख्ख्या प्रोसेसर चिपच्या) सामायिक कॅशचे काउंटर कोअरबाहेर असतात. त्यात सगळ्या भाडेकरूंची वर्दळ एकत्र दिसते, आणि ती एका गेस्टच्या नावावर वेगळी काढून देता येत नाही. नेमक्या इन्स्ट्रक्शनवर बोट ठेवणारं इंटेलचं पीईबीएस केव्हीएमच्या गेस्टमध्ये 2022 च्या लिनक्स 6.0 पासून आणि आइस लेक सर्व्हरपासूनच्या प्रोसेसरांवर मिळतं. त्याआधीच्या हार्डवेअरवर त्याची आशा धरू नका. बीओएलटीसारख्या, प्रोग्रामची मांडणी सुधारणाऱ्या साधनांना लागणारी ब्रँचची नोंद, म्हणजे एलबीआर, केव्हीएमच्या गेस्टला 2021 च्या लिनक्स 5.12 पासून देता येते. पण आपला कोड ब्रँचवर अडतो की मेमरीची वाट बघतो, एवढंच शोधायचं असेल, तर आहे त्याच व्हीएममध्ये आधी सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँच-मिसेस आणि कॅश-मिसेस हे चार आकडे काढा. बेअर मेटलचा खर्च मंजूर करून घ्यायला जाल, तेव्हा तेच आकडे सोबत न्या.