काय दिवे लावले!

आमच्या हॉलमध्ये सकाळी कोवळं ऊन यायचं. मग समोर अठरा मजली टॉवर उभा राहिला आणि आमचा सूर्य सव्वाअकराला उगवायला लागला. त्यात माझं काम घरूनच. दिवसभर मरतुकड्या उजेडात पेंगायचं आणि रात्री टक्क जागं राहायचं. सकाळ झाल्याचं डोळ्यांना कळावं लागतं, असं कुठंसं वाचलं आणि बल्ब बदलायचं मनावर घेतलं.

इलेक्ट्रिकच्या दुकानात म्हटलं, “उन्हासारखा उजेड देणारा बल्ब द्या.”

“साडेसहा हजार?”

मी चपापलो. “एका बल्बचे?”

“केल्विन हो, काका! किंमत एकशेवीस.”

केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; जितके जास्त तितका उजेड ‘थंड’, म्हणजे निळसर, हे ज्ञान त्यानं फुकट दिलं. सत्तावीसशेचा पिवळा, चार हजारांचा मधला, साडेसहा हजारांचा पांढराफटक. मी अर्थातच सगळ्यात मोठा आकडा उचलला.

रात्री बटण दाबलं आणि हॉलचं एटीएम झालं. सोफ्यावरची आई ॲडमिट केल्यासारखी दिसू लागली. पानातलं टोमॅटोचं सार करडं पडलं.

“अहो, नऊ वाजलेत. आत्ता दुपार काय लावताय?” बायको म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. निळसर उजेड मेंदूला सांगतो, अजून दिवस आहे. माझ्या मेंदूनं ते दोन वाजेपर्यंत इमानानं ऐकलं.

पुढे कळलं की उजेडालाही मार्क असतात. रंग किती खरे दिसतात, त्याचे. त्याला सीआरआय म्हणतात. उन्हाला शंभरपैकी शंभर, साध्या एलईडीला ऐंशीच्या आसपास. आत निळी चिप, वर पिवळा लेप. उजेड दिसतो पांढरा, पण लाल रंगात कच्चा. साडीच्या दुकानात आई कायम साडी दारापर्यंत नेऊन बघते आणि मी दरवेळी लाजून लांब उभा राहतो. मार्कांची भानगड तिला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होती तर!

मग चार हजार केल्विनचा, नव्वद मार्कांचा हुशार बल्ब आणला. तिप्पट किमतीला. सार पुन्हा लाल झालं. तेवढ्यात भाच्यानं बल्बवर मोबाइलचा कॅमेरा धरला. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते.

“मामा, हा लुकलुकतोय. सेकंदाला शंभरदा.”

तोवर मला काहीही होत नव्हतं. त्या क्षणापासून डोकं दुखायला लागलं.

जाता जाता त्यानं माझ्या फोनवर उजेड मोजायचं ॲप टाकून दिलं. सोफ्यावर आकडा आला दीडशे लक्स.

“लक्स म्हणजे साबण ना रे?” आई.

दुसऱ्या दिवशी तोच फोन घेऊन दहा वाजता गच्चीवर गेलो. साठ हजार! म्हणजे हॉलमध्ये असे चारशे बल्ब लावायला हवेत. होल्डर एक.

हल्ली मी सकाळचा चहा आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवरच बसतो. परवा सोसायटीचे सेक्रेटरी टाकी बघायला वर आले. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि काळजीनं म्हणाले,

“काय हो, तुमच्याकडची लाइट गेलीय का?”