तीन रविवार रिकामी राहिलेली जागा

एडिनबरोत चर्चची इमारत विक्रीला निघाल्याची पाटी दिसली तर आता कुणी थबकत नाही. 2022 च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या 51.1 टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचं नोंदवलं. 2011 मध्ये हे प्रमाण 36.7 टक्के होतं. नागपुरात शाळा काढणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच देशातून आले होते. इथे स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याच्या श्रद्धेची चौकशी करणं असभ्य समजतात. त्यामुळे रविवारी एखादी जागा रिकामी झाली की ती सभ्यपणे रिकामीच राहते.

नागपुरात याच्या उलट. तिथे चौकशी होते, पण चर्चच्या फाटकापाशी, दहा जणांसमोर: "काहून बे, आजकाल दिसत नाही?" मग ऐकणारा पुढच्या वेळी रस्ताच बदलतो. आणि वार्षिक सभा जवळ आली की जुना वाद निघतो: वर्षभर उपासनेला न आलेल्यांची, वर्गणी थकवलेल्यांची नावं सभासद यादीत ठेवायची का? एक गट शिस्तीचा आग्रह धरतो, दुसरा म्हणतो, असू द्या, नाताळला येतील. माझ्या मते दोघंही चुकतात. वाद यादीवर चालतो, आणि ज्याचं नाव खोडायचं की ठेवायचं, त्याच्या घरी मात्र कुणी गेलेलं नसतं.

आधी एक हिशेब नीट करायला हवा. दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, जाऊ लागलेला माणूस विश्वासापासून दूर गेलेला नसतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली ती नागपुरातच. त्या शहरात तरी त्याला 'हरवलेला' म्हणू नये. ज्याची प्रार्थनाच थांबली आहे, त्याची काळजी आधी करावी.

सलग तीन रविवार कुणी दिसलं नाही तर चौथ्याच्या आत भेट व्हावी. सहा महिन्यांनी गेलात तर पहिला प्रश्न येतो, "आजच आठवण कशी झाली?" त्याला उत्तर नसतं. एकानेच जावं, किंवा स्त्रीकडे जायचं असेल तर स्त्रीने. पाच जणांचं पथक दारात उभं राहिलं की ती भेट राहत नाही, पंचायत होते. बायबलमधल्या मत्तय 18 मध्ये प्रभूने आधी एकांतात बोलायला सांगितलं आहे, ते याचसाठी. आधी फोन करावा, शनिवारी संध्याकाळी जावं, उन्हाळ्यात सातनंतर. पाऊण तास पुरे. पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय नको, बायबलच्या वचनांचा मारा नको. घरच्यांनी सांगितलं तरच प्रार्थना, तीही छोटी. आणि घरी परतल्यावर व्हॉट्सॲपच्या प्रार्थना ग्रुपवर एक अक्षरही टाकायचं नाही. 'अमुक भावासाठी प्रार्थना करा, ते विश्वासात मागे पडले आहेत' एवढ्या एका ओळीने महिन्याभराची मेहनत वाया जाते.

कारण कळल्याशिवाय उपाय करू नये. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा मिहान या औद्योगिक भागांत रविवारची पाळी असणाऱ्याला उपदेश नको, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा हवी. इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलाला मराठी गीतं वाचता येत नाहीत, हे तो सांगत नाही. कंटाळा येतो म्हणतो. कमिटीच्या निवडणुकीत दुखावलेल्याकडे विरुद्ध गटातल्या माणसाने जाऊन माफी मागितली तर काम होतं, पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, समजूत घातली तर होईलच असं नाही. घरात मृत्यू झालेल्याला 'देवाची इच्छा' असं सांगू नका. बायबलमधलं स्तोत्र 88 सोबत वाचा; ते अंधारात संपतं, आणि तरी ती प्रार्थनाच आहे. ज्याला शंका आहेत, त्याच्या हातात पत्रक देऊन सुटका करून घेऊ नये. मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. आठवड्याला एक, असे चार महिने त्याच्यासोबत वाचावेत, आणि उत्तर येत नसेल तिथे येत नाही म्हणावं.

एका कारणापाशी मात्र थांबायला हवं. मंडळीतल्याच कुणी एखाद्यावर अत्याचार केला असेल तर त्या पीडिताला परत आणणं हे पहिलं काम नव्हे. ऐकून घ्यावं, मंडळीची बाजू मांडू नये, आणि गुन्हा असेल तर पोलिसांकडे जाताना त्याच्यासोबत उभं राहावं. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून मिटवलेलं प्रकरण त्या घराची पुढची पिढीही तोडतं.

परदेशातल्या आम्हा लोकांनाही एक सांगणं आहे. नागपूरच्या मेकोसाबागेतल्या भाच्याला इथून प्रवचनांच्या लिंक पाठवणं बंद करा. हिवाळ्यात नागपूर इथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. इथल्या दुपारी साडेतीनला फोन केला तर तिथे रात्रीचे नऊ, जेवणं आटोपलेली. त्याची नोकरी, त्याच्या आईचं दुखणं विचारा. चर्चचा विषय त्याने काढू द्या.

दूर गेलेला माणूस ज्या रविवारी परत येईल, त्या दिवशी वेदीवरून त्याचं नाव घेऊ नये आणि साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सगळ्यांसमोर बोलायला, उभं करू नये. भेटीला गेलेल्यानेच मागच्या बाकावर त्याच्या शेजारी बसावं, गीतपुस्तक उघडून द्यावं. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, तो उठला नाही, तर त्याच्यासोबत बसून राहावं.