शिक्क्यापलीकडची मदत

महाराष्ट्रातील परप्रांतीयांविषयीचा वाद मी इंग्लंडमध्ये बसून वाचतो, तेव्हा माझ्या स्वतःच्या व्हिसाची एक अट आठवल्यावाचून राहत नाही: ‘सार्वजनिक निधीतून मदत नाही’. बाहेरून आलेल्यांनी आमच्या सोयींवर भार टाकू नये, हे आपल्याकडचे म्हणणे येथील सरकारने माझ्याबाबतीत अक्षरशः अमलात आणले आहे. मी कर भरतो, आरोग्यसेवेचा अधिभारही व्हिसाच्या अर्जासोबत आगाऊ भरला आहे. तरी नोकरी गेली तर घरभाड्यासाठी सरकारी साहाय्य नाही, आणि नवी नोकरी शोधायला साधारणतः ६० दिवस.

एकट्या माणसाला ही अट फारशी जाचत नाही, कुटुंबाला जाचते. मी सुटीच्या दिवशी एका सल्लाकेंद्रात दुभाष्याचे काम करतो. तेथे आलेल्या एका मराठी कुटुंबाने, नवऱ्याची नोकरी गेल्यावर, तीन आठवडे फूड बँकेकडे, म्हणजे गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या संस्थेकडे, पाऊल टाकले नव्हते, कारण तिथले धान्य घेतले तर व्हिसा रद्द होईल अशी त्यांची समजूत होती. वास्तविक ‘सार्वजनिक निधी’ म्हणजे नियमांत नेमून दिलेल्या भत्त्यांची यादी असून फूड बँक, मुलांचा शाळाप्रवेश किंवा डॉक्टरकडची नोंदणी तिच्यात येत नाही. शिकलेल्या माणसांना हे ठाऊक नसते, आणि विचारण्याची लाज वाटते ती वेगळीच.

या कठोर व्यवस्थेतही १९८९ च्या बालकायद्याच्या कलम १७ ने एक दार उघडे ठेवले आहे. हद्दीत राहणाऱ्या गरजू मुलाच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक परिषदेवर, म्हणजे तिथल्या पालिकेवर, आहे, मग आईवडिलांच्या व्हिसावर कोणतीही अट असो. व्यवहारात हे दार सहज उघडत नाही. या कुटुंबाला फोनवर आधी सरळ नकार मिळाला. केंद्रातील सल्लागार बाईंनी कलमाचा उल्लेख करून पत्र लिहिले, तेव्हा कुठे समाजसेविका घरी आली. परिषदांकडे पैसा कमी आहे, बर्मिंगहॅमच्या परिषदेने तर २०२३ मध्ये आर्थिक हतबलता जाहीर केली, त्यामुळे घरासाठी रांगेत असलेल्या स्थानिकांची कुरकुर मला खोटी वाटत नाही. तरीही मुलाची गरज आधी पाहण्याचा कायद्याचा क्रम मला बरोबर वाटतो.

आपल्याकडे तर स्थलांतरित हा परका नागरिकच नसतो. देशात कोठेही राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, आणि गावचे रेशनकार्ड परराज्यात चालवण्याच्या योजनेची सुरुवात २०१९ मध्ये ज्या राज्यांपासून झाली त्यांत महाराष्ट्र होता. कागदावर आपण इंग्लंडपेक्षा उदार आहोत. उणीव आहे ती पत्र लिहून देणाऱ्या त्या बाईंची: वस्तीत ठरल्या वेळी बसणारा, नियम जाणणारा आणि अर्जदाराची भाषा बोलणारा माणूस आपण कोठे नेमला आहे? हा प्रश्न प्रांताचाही नाही. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या तोडणीला जाणारी कुटुंबे आपल्याच भाषेची, आपल्याच राज्याची. तरी हंगामात त्यांच्या मुलांची शाळा सुटतेच. परप्रांतीयांवर तावातावाने बोलणाऱ्यांनी या मुलांचे काय केले, हे मला विचारावेसे वाटते.

आणि हे आमच्या परदेशी मंडळींनाही लागू आहे. गणेशोत्सवाचे नियोजन आम्ही चोख करतो, पण कोणाची नोकरी गेली हे आम्हाला निरोपसमारंभाला कळते. गेल्या महिन्यात मी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सल्लाकेंद्राचा पत्ता आणि वेळ टाकली. गटावर कोणीही उत्तर दिले नाही. रात्री तिघांचे खासगी निरोप आले. तिघांनीही एकच विचारले होते, तेथे नाव सांगावे लागते का.