एक कोटी सदुसष्ट लाख रंग आणि एक मोरपिशी

ज्या माणसाला फोटोतली मागची भिंत पुसून तिथे आकाश बसवता येते, त्याला नात्यातल्या प्रत्येक बारशाची, मुंजीची आणि साठीशांतीची पत्रिका करता आलीच पाहिजे, असा आमच्या घराण्याचा दृढ समज आहे. अक्षरे, चौकटी आणि गणपती यांच्याबद्दल सहसा कोणाची तक्रार नसते. तक्रार असते ती रंगाबद्दल. भाचीच्या लग्नपत्रिकेची किनार ‘शालूसारखी मोरपिशी’ हवी, एवढी एकच अट ताईच्या विहीणबाईंनी घातली, आणि अट एकच आहे म्हणून सगळ्यांना हायसे वाटले.

फोटो एडिटिंगच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये रंग निवडण्याची चौकट उघडली की लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पट्ट्या समोर येतात. प्रत्येकीवर ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात आणि त्यांच्या मेळातून १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. जाहिरातीत वाचायला ही संख्या झकास वाटते. व्यवहारात तिचा अर्थ एवढाच, की एक रंग पसंत करावा तर उरलेले १,६७,७७,२१५ नापसंत करावे लागतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या बाजूने बोलणारा एक तरी नातेवाईक निघतो.

शालूचा फोटो आलेला होताच. त्यावर आयड्रॉपर, म्हणजे फोटोतला रंग टिपणारे साधन, टेकवला की रंगाचा आकडा आयता मिळतो, असे सांगतात. परंतु रेशीम हे अत्यंत चंचल वस्त्र आहे. चुणीत आयड्रॉपर टेकवला तर जवळजवळ काळा रंग हाती येतो, उजेड पडला आहे तिथे फिकट आकाशी येतो, आणि जरीच्या तारेवर चुकून बोट घसरले तर थेट पांढरा. एका पिक्सेलऐवजी आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी घेण्याची सोय असते, पण मोरपिशी आणि जर यांची सरासरी काढली की शेवाळाचा रंग येतो. त्यातून तो फोटो कार्यालयातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला, आणि पिवळेपणा आपल्या समजुतीने दुरुस्त करण्याचे काम फोनने कोणालाही न विचारता उरकलेले. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता साडी दारापाशी उजेडात नेऊन पाहणाऱ्या बायका रंगशास्त्रात फोनच्या कितीतरी पुढे आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मग मी दुसऱ्या पद्धतीकडे वळलो. १९७८ साली ॲल्वी रे स्मिथ यांनी मांडलेल्या एचएसव्ही पद्धतीत रंगाची छटा वर्तुळावरच्या अंशांत मोजतात, आणि रंगाचा दाटपणा व उजळपणा यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. लाल शून्य अंशावर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. मोरपीस साधारण १८० च्या शेजारपाजारी नांदते. माणसाशी बोलण्यासाठी ही पद्धत खरोखर सोयीची आहे. ताईचा ‘जरासा निळा’ म्हणजे पाच अंश आणि विहीणबाईंचा ‘जरासा निळा’ म्हणजे पंधरा अंश, हे एकदा ध्यानात आले की काम पुढे सरकते. मात्र या पद्धतीचा उजळपणा फसवा आहे. तिच्या लेखी निखळ पिवळा आणि निखळ निळा दोघेही शंभर टक्के उजळ असतात. प्रत्यक्षात पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात निळ्याचा वाटा जेमतेम सात टक्के आणि हिरव्याचा एकाहत्तर-बाहत्तर टक्के असतो. पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरवा मिळून होतो, म्हणजे जवळजवळ पांढऱ्याइतकाच उजळ. त्यामुळे वधूवरांची नावे हळदीच्या रंगात, तीही पांढऱ्यावर, हवी असे काकांनी सुचवले, तेव्हा ती शुभ दिसतील पण वाचता येणार नाहीत, हे मला आकडेवारीसह सांगावे लागले. काकांनी आकडेवारी लक्षपूर्वक ऐकली आणि नावे मोठी करण्यास सांगितले.

किनार एकदाची ठरली, तर ती गणपतीच्या लाल रंगाजवळ भडक आणि हळदी पट्टीजवळ निळसर दिसते, असे निष्पन्न झाले. दोन्हीकडचा आकडा एकच होता. पॅरिसमधल्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग नीट चढत नसल्याची तक्रार आली होती. दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे, असे त्याला आढळले, आणि १८३९ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. मी हे ताईला फोनवर सविस्तर सांगितले. “बरं, मग शेजारचा बदल,” ती म्हणाली. शेजारी गणपती होता.

यापुढचा भाग कलर प्रोफाइलचा, म्हणजे कोणत्या आकड्याचा नेमका कोणता रंग समजायचा हे सांगणाऱ्या नोंदीचा. सगळ्या उपकरणांवर रंग सारखे दिसावेत म्हणून १९९३ साली कंपन्यांनी मिळून आयसीसी (क्रिकेटची नव्हे, इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) ही संस्था काढली. पुढे एसआरजीबी आले, ॲडोबी आरजीबी आले; ही अशा प्रोफाइलांचीच नावे. प्रोफाइलवाचून रंगाचा आकडा म्हणजे गावाचे नाव नसलेला घर क्रमांक. फाइल उघडताना सॉफ्टवेअर विचारते, की प्रोफाइल नुसते लावू की त्यात रूपांतर करू? लावले तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात. रूपांतर केले तर रंग राहतात आणि आकडे बदलतात. इतका गहन प्रश्न विचारून ती चौकट ‘ओके’ हे बटण पुढे करते, आणि जगातले बहुतेक लोक तेच दाबतात.

हे सगळे निस्तरून पत्रिकेचा नमुना कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. एकाच्या फोनवर सगळे रंग मुद्दाम भडक करणारी सोय चालू होती, तर काकांनी तो रात्री पाहिला, जेव्हा त्यांचा फोन डोळ्यांच्या काळजीपोटी पडदा पिवळा करून ठेवतो. काकांना प्रथमच हळदी रंग पुरेसा वाटला, हाच काय तो लाभ.

शेवटी प्रेस. पडदा उजेड फेकतो आणि कागद उजेड गिळतो. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत मोरपिशी छपाईच्या चार शायांत (हिरवट निळी सायन, मॅजेंटा, यलो आणि काळी) उतरत नाही, आणि सॉफ्टवेअर त्यावर इशाऱ्याचा त्रिकोण दाखवते. उलट, चकचकीत कागदावरची निव्वळ सायन शाई एसआरजीबीच्या पडद्याला पुरती दाखवता येत नाही. म्हणजे दोघांनाही मोरपीस येते, पण एकाचे दुसऱ्याला येत नाही. प्रेसवाल्यांनी माझे आकडे शांतपणे बाजूला ठेवले आणि जुन्या पत्रिकांचा गठ्ठा विहीणबाईंपुढे सरकवला. त्यांनी त्यातली एक उचलली, दारापाशी नेऊन उन्हात पाहिली आणि म्हणाल्या, “अगदी हाच!” प्रेसवाले म्हणाले, “शंभर टक्के सायन, तीस टक्के यलो. उद्या प्रूफ देतो.”

प्रूफ आले, पसंत पडले, पत्रिका छापून वाटूनही झाल्या. आता विहीणबाईंचा निरोप आहे, की परदेशातल्या पाहुण्यांना फोनवर पाठवायची पत्रिका करावी, आणि तिची किनार छापील पत्रिकेशी तंतोतंत जुळावी. मी हो म्हटले आहे.