वतनदार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

सतराव्या शतकातल्या दख्खनेत जन्म घ्यायचं तुमचं ठरलंच असेल, तर राजा व्हायची हौस आधी मनातून काढून टाका. राजाचं काय, आज आहे उद्या नाही. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली, आदिलशाही १६८६ मध्ये, कुतुबशाही १६८७ मध्ये. शेवटच्या दोघींना बुडवणारा औरंगजेबही १७०७ मध्ये अहमदनगरपाशी आटोपला. एवढी उलथापालथ चालू असताना गावचा पाटील मात्र ओसरीवर सुपारी कातरत बसलेला. नवा अंमल आला की जुन्या सनदेची घडी काखेत मारायची, नव्या अंमलदारापुढे नजराणा ठेवायचा आणि नव्या शिक्क्याचा कागद घेऊन घरी यायचं. तेव्हा व्हायचंच तर वतनदार व्हा.

वतन म्हणजे नोकरी, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. नोकरीवरून काढता येतं. वतन बापाकडून मुलाकडे जातं, चार मुलगे असले तर त्याच्या चार तक्षिमा, म्हणजे वाटण्या, होतात, ते गहाण पडतं, विकताही येतं. काम म्हणाल तर सरकारचा शेतसारा गोळा करून पुढे पाठवायचा, आणि तो आपल्या ओसरीवरून जाताना आपला हक्क काढून घ्यायचा. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. म्हणजे एक दरडावणार आणि एक लिहिणार. दरडावण्याचा घसा बसतो, मोडीतला आकडा बसत नाही. कुलकर्ण्याशी वाकडं घेऊ नका, एवढंच सांगतो.

पाटलाच्या घरी जन्म नाहीच मिळाला, तर निदान मिरासदार कुणबी व्हा. जमीन पिढीजात, गोतात, म्हणजे गावच्या न्यायसभेत, बसायला जागा, महजरावर, म्हणजे त्या सभेच्या निकालपत्रावर, नांगराची निशाणी करायचा अधिकार. उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कसणारे, झालात तर यातलं काही नाही. पण उपऱ्याचं एक बरं असतं. सारा फार वाढला की तो रातोरात बायकापोरं आणि बैल घेऊन परागंदा होतो. जमीन रगड आणि कसणारे हात थोडे, असा तो काळ. मग तेच सरकार माणूस पाठवून त्याला कौल देतं: ये बाबा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, पुढे चढत्या इस्ताव्यानं, म्हणजे दरसाल थोडाथोडा, वाढवू. रयतेच्या हातात सत्ता नव्हती असं म्हणतात. पायांत होती थोडी.

बलुतेदारांत जन्म घेणार असाल तर रांग बघून घ्या. वर्षभर काम करायचं आणि खळ्यावर धान्य घ्यायचं, हे सगळ्यांना सारखं. पण खळ्यावरही थोरली वळ, मधली वळ, धाकटी वळ. सुतार-लोहारांचं सूप मोठं, जोशी-गुरवाचं लहान. धाकट्या वळीतल्या जोश्याला सुताराहून कमी धान्य मिळतं, हे वाचून हुरळून जाऊ नका. थोरल्या वळीत महारही आहेत, आणि तरीही ते खळ्याच्या कडेलाच उभे आहेत. सुपाचं माप आणि उभं राहायची जागा, ही दोन वेगळी खाती.

गावचा पहारा, सरकारी निरोप, सारा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, सगळं महाराकडे. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की पाटील गप्प, कुलकर्ण्याचं दफ्तर गप्प, आणि सगळी मजलस महाराच्या तोंडाकडे बघत बसलेली. तो चालेल ती शीव. गावाची हद्द ज्याला सगळ्यांत पक्की ठाऊक, त्याचं घर गावकुसाबाहेर. व्यवस्थेचं कौतुक करायचंच झालं तर माझं मत याला.

आता वतन मिळालं असं धरून चालू. ते टिकवायचं कसं? शत्रू परमुलखातून येत नाही, तो तुमच्याच पंगतीत दोन पानं सोडून बसलेला असतो. भाऊबंद. तो म्हणणार, वडीलपण, म्हणजे थोरल्या शाखेचा मान, माझं. तुम्ही म्हणायचं, माझं. तो कागद मागणार. इथे घाबरू नका. ‘कागद होते, पण धामधुमीत गेले’ हे वाक्य पाठ करून ठेवा. त्या शतकात धामधूम कुठल्याही वर्षी दाखवता येते, १६३० चा दुष्काळ तर तुमच्यासाठीच पडला होता असं समजा. मग गोत जमेल: पाटील, शेटे-महाजन, बारा बलुते, आसपासच्या गावांचे मोकदम, म्हणजे तिथले पाटील. साक्षीदार पूर्वजांना स्मरून सत्य सांगतील, म्हणजे ज्याच्या घरी काल जेवले त्याच्या बाजूचं.

एवढ्यानंही निकाल लागला नाही तर दिव्य. रवा काढायचा. आदल्या दिवशी हात साबणानं धुतील, नखं काढतील, हातावर पिशवी चढवून तिला मोहर करतील. दुसऱ्या दिवशी तेल-तूप कढवून त्यात धातूचा तुकडा टाकतील. तुमचा दावा लिहिलेलं पान तुमच्याच कपाळाला बांधतील, आणि सगळ्या पांढरीदेखत, म्हणजे गावादेखत, तुम्ही हात घालून तो तुकडा बाहेर काढायचा. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर, आणि मग ठरल्या दिवशी हात उघडून बघायचा. फोड आला तर पाटीलकी भावाची.

जिंकलात तर सरकारला हरकी द्यायची, आनंद झाला म्हणून. हरलात तर गुन्हेगारी द्यायची, खोटं बोललात म्हणून. सरकार कुठल्याही तंट्यात हरत नसे, हे यावरून लक्षात यावं.

दंड आणि थकलेला सारा भरता भरता अर्धी पाटीलकी विकायची पाळी येईल. घाबरू नका, पुष्कळांवर आली. फक्त खरेदीखत नीट लिहून घ्या, कारण इथे जमिनीपेक्षा मानाची कलमं जास्त. पानविडा आधी कुणाला. होळीला पोळी आधी कुणाची. दसऱ्याला आपटा कुणी पुजायचा. चांभाराचा जोडा, तेल्याचं तेल, लग्नातलं शेव-पागोटं, यात कुणाचा वाटा किती. महजरावर नांगर आधी कुणाचा आणि त्याच्याखाली कुणाचा. माणसं यासाठी डोकी फोडत. हसू नका. महाराष्ट्रात पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून कायद्यानं गेली, आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आमच्या नात्यातल्या एका लग्नात पहिला टिळा कुणाला, यावरून पंगत तासभर खोळंबली होती. भात गार झाला, मान गरम राहिला.

निष्ठेबद्दल विचाराल, तर ती सोयीनं ठेवावी, पण पैज कुठल्या घोड्यावर लावतोय ते बघून. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली: खानाला मिळा, नाहीतर वतन गेलं समजा. उत्रोळीचे खंडोजी खोपडे सल्ला ऐकणारे होते, ते वतनाच्या आशेनं खानाकडे गेले. कारीचे कान्होजी जेधे देशमुख मात्र मुलांना घेऊन शिवाजी महाराजांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. असला अविचार या लेखाच्या वाचकांनी करू नये, असंच मी म्हणणार होतो. पण पुढे खंडोजींचा एक हात आणि एक पाय तोडला गेला, त्यामुळे या कलमापुरता सल्ला मागे घेतो.

महाराजांना वतनदारांची ही जात चांगली ठाऊक होती. त्यांनी गढ्या-कोट पाडले, हक्क बांधून दिले, सारा सरकारी कारकुनांकडून घ्यायला सुरुवात केली. वाईट दिवस होते ते आपल्यासाठी. पण धीर सोडू नका. राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला गेले, खजिना रिकामा, मुलूख मोगलांच्या ताब्यात, तेव्हा लढणाऱ्यांना द्यायला उरलं होतं काय? वतनाचा कागद. मुलूख सोडवा, तो तुमचा. औरंगजेबही तसलेच कागद वाटत होता. एका गावासाठी दोन्हीकडच्या सनदा बाळगणारी माणसं तेव्हा दूरदर्शी समजली जात. आणि मोठ्या घरच्या गोष्टीही काही वेगळ्या नाहीत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईबरोबर, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाबरोबर, सरदेशमुखीच्या सनदाही घेऊन आले, शेकडा दहाच्या हक्काच्या. छत्रपतींनाही हवी होती ती देशमुखीच, फक्त सगळ्यांत थोरली.

तर आता तुमची अर्धी पाटीलकी पदरात पडली आहे आणि पोळा आला आहे. वेशीत तोरण लागलंय. अलीकडे तुमची जोडी, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. शेजारी दुसऱ्या पाटलाची, तीही तशीच. खरेदीखतात लिहिलंय की दोघांचे बैल तोरणाखालून बरोबरीनं जावेत. वेस अरुंद आहे. कुलकर्णी कागद पुन्हा वाचतोय. सकाळपासून वाजवणाऱ्यांनी वाद्यं खाली ठेवली आहेत. ज्यानं वर्षभर वळलेले कासरे या गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात आहेत, तो मांग वेशीबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, तुमचं उरकायची वाट बघत उकिडवा बसला आहे.