कॉन्टॅक्ट लेन्स विकता, मग ती घालायला कोण शिकवणार?

"काही नाही हो, दोन दिवसांत सवय होते." चष्म्याच्या दुकानातल्या या वाक्यावर बंदी घालायला हवी. पावती फाडायला पाच मिनिटं, लेन्सची डबी आणि ती धुवायच्या-भिजवायच्या सोल्युशनची बाटली पिशवीत टाकायला एक मिनिट, आणि शिकवायला? आरशासमोर बसवायचं, तीनदा "डोळा मोठा उघडा" म्हणायचं, बसली तर बसली, नाहीतर "घरी जाऊन प्रॅक्टिस करा". घरी जाऊन! म्हणजे बाथरूमच्या मिणमिणत्या दिव्याखाली, बेसिनचं भोक उघडं, डोळ्यांतून धारा, आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय.

मुळात बोंब नंबरापासूनच. चष्म्याचा कागद बघून तोच नंबर लेन्सला लावून देणारे महाभाग अजून आहेत. अहो, चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. मायनस 4 च्या पुढे गेलं की हे अंतर नंबरात दिसायला लागतं. चष्मा मायनस 6 चा असेल तर लेन्स साधारण मायनस 5.50 ची लागते. तिथे मायनस 6 चीच घातली की जवळचं वाचताना डोळ्यांवर ताण, संध्याकाळी डोकं ठणकतं, आणि माणूस म्हणतो, मला लेन्स सूटच होत नाही. लेन्सच्या कागदावर नंबराखेरीज बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, लागतो, 8.4 किंवा 8.6 असा, आणि व्यास लागतो, 14 मिलिमीटरच्या आसपास. हे दोन आकडे नसतील तर तुमच्या हातात चष्म्याचाच कागद आहे. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर, पाऊण किंवा त्याहून जास्त असताना "थोडासाच आहे, चालतो" म्हणून साधी लेन्स गळ्यात मारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता घालण्याचं. "बोटाला चिकटून बसते, डोळ्यात जातच नाही" ही नव्या माणसाची एक नंबरची तक्रार, आणि तिचं कारण एका ओळीत सांगता येतं: लेन्स जास्त ओल्या जागेला चिकटते. बोट ओलं असेल तर ती बोट सोडणार नाही. साध्या साबणानं हात धुवायचे, क्रीमवाला मऊमुलायम साबण नको, त्याचा थर लेन्सवर जातो आणि दिवसभर धुकं दिसतं. हात टॉवेलला पुसायचे नाहीत, टॉवेलचे धागे डोळ्यात जाऊन बसतात, टिश्यू घ्यायचा. तर्जनीचं टोक पूर्ण कोरडं झालं की मगच लेन्स त्यावर ठेवायची. पण हे कोणी सांगत नाही, आणि पोरगी बिचारी स्वतःला वेंधळी समजत बसते.

पुढे सरळ-उलटी. बोटाच्या टोकावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत आणून बाजूनं बघा. वाटीसारखी दिसली, काठ सरळ वर, तर बरोबर. बशीसारखे काठ बाहेर फाकले, तर उलटी. काही कंपन्या काठावर 123 छापतात. बाहेरून बघताना ते सरळ वाचता आलं की काम झालं. उलटी घातली म्हणून डोळा जात नाही, फक्त टोचते आणि सरकत राहते. काढा, सोल्युशननं खंगाळा, सुलटी करून घाला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि "डोळा मोठा उघडा" म्हणजे भुवया वर ताणणं नव्हे! दुसऱ्या हाताचं मधलं बोट वरच्या पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी टेकवायचं आणि पापणी भुवईच्या हाडाला दाबून धरायची. केसांच्या वर अर्धा इंच धरलं तर पापणी मिटणारच, ते तुमच्या हातात नाही. लेन्सवाल्या हाताच्या मधल्या बोटानं खालची पापणी ओढायची. सरळ आरशात बघत लेन्स टेकवायची, हलकं दाबायचं, पण पापण्या लगेच सोडायच्या नाहीत. आधी नजर खाली, मग खालची पापणी, मग वरची. झटकन डोळा मिटला की आत हवेचा बुडबुडा राहतो आणि लेन्स बाहेर उडी मारते. आणि रोज आधी उजवी, मग डावी, नाहीतर अदलाबदल ठरलेली.

काढताना तर कहरच असतो. नखं वाढलेली, लेन्स बुबुळावरच, आणि तिथेच चिमटा. तिथे चिमटा घ्यायचाच नसतो! वर बघायचं, तर्जनीनं लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची, आणि तिथे अंगठा व तर्जनीच्या मांसल भागांनी हलकी दुमडून घ्यायची. दिवसभर एसीत बसून लेन्स वाळली असेल तर ती हलणार नाही. मग लेन्ससाठीचे ओलाव्याचे थेंब टाका, पाच-दहा मिनिटं पापण्या उघडमीट करा, हलायला लागली की मगच हात लावा. आणि नाही, लेन्स डोळ्याच्या मागे जात नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून अडकते.

आता खरी तिडीक जाते तो विषय: पाणी. "सोल्युशन संपलं, पाण्यात ठेवली एक रात्र." "खाली पडली, नळाखाली धरली." "आरओचं आहे, शुद्धच असतं." पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. तो कठीण कवच करून बसतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. गच्चीवरची टाकी तर त्याचं माहेरच. लेन्सवर बसून तो बुबुळात शिरला की भयानक वेदना आणि महिनोन्‌महिने उपचार. दृष्टी कायमची जाऊ शकते. शिवाय साध्या पाण्यात अश्रूंइतकं मीठ नसतं, त्यामुळे लेन्स फुगते, आकार बदलतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते. म्हणून पाणी नको म्हणजे नको: नळाचं, बिसलेरी, उकळून गार केलेलं, कोणतंच. अंघोळीला आणि पोहायला लेन्स काढूनच जायचं. आणि थुंकी लावून पुन्हा घालणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार.

सोल्युशनचा हिशोब करा म्हणजे चूक लगेच सापडते. डबीच्या एका खणात साधारण 3 मिलिलिटर, दोन खणांचे 6, चोळायला आणि खंगाळायला 3-4. म्हणजे रोजचे 10 मिलिलिटर. 120 मिलिलिटरची बाटली बारा-चौदा दिवसांत संपायला हवी. दोन महिने पुरवून वर शाबासकी मागणारा माणूस कालच्या सोल्युशनमध्ये आज चार थेंब घालून भागवतोय. वापरलेल्या सोल्युशनची जंतू मारायची ताकद खर्च झालेली असते, त्यात नवं ओतलं की नव्याचंही पाणी होतं. 2007 साली अमेरिकेत याच अकॅन्थअमीबाचे रुग्ण वाढले तेव्हा एक सोल्युशन बाजारातून मागे घ्यावं लागलं, आणि तपासात ही जुन्यात नवं ओतायची सवयही धोका वाढवणारी निघाली. हजाराची लेन्स घ्यायची आणि दहा रुपयांचं सोल्युशन वाचवायचं, हे कुठलं शहाणपण?

बाटलीवर "चोळायची गरज नाही" लिहिलेलं असलं तरी चोळा. तळहातावर लेन्स, तीन-चार थेंब, बोटानं प्रत्येक बाजू 20 सेकंद, मग खंगाळून डबीत पूर्ण बुडवायची. काठ वर राहिला तर झाकणात सापडून फाटतो. निदान सहा तास भिजू द्या. बाटली उघडल्याची तारीख मार्करनं तिच्यावर लिहा; बहुतेक सोल्युशनं उघडल्यावर तीन महिन्यांतच संपवायची असतात. सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, वेगळं, ते फक्त खंगाळायला. जंतू मारत नाही. सकाळी डबी रिकामी करा, सोल्युशननंच धुवा, टिश्यूनं पुसून उपडी वाळवा, बाथरूमबाहेर. तीन महिन्यांनी फेकून द्या. नव्या बाटलीबरोबर नवी डबी फुकट येते तरी लोक दोन वर्षं तीच घासतात, तळाला चिकट बुळबुळीत थर आला तरी. तो थर म्हणजे जंतूंची वसाहत आहे, महाराज!

महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून 30 दिवस. तीस वेळा नव्हे. आठवड्यातून दोनदा घालून "माझी तीन महिने चालते" हे कोणी कौतुकानं सांगितलं की हात जोडावेसे वाटतात. घालून झोपायचं तर नाहीच, दुपारची डुलकीसुद्धा नाही. झोपेत घातलेल्या लेन्सनं संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो. आणि पार्लरमधल्या त्या राखाडी लेन्स! कालच्या नवरीच्या डोळ्यातून काढलेल्या, आजच्या नवरीला. दुसऱ्याचा टूथब्रश घ्याल का तोंडात?

ठेचा वाटल्यावर, मिरच्या चिरल्यावर रात्री लेन्सला हात लावायचा असेल तर आधी बोटांना खोबरेल चोळा, मग साबणानं दोनदा धुवा. तिखटपणा नुसत्या पाण्यानं जात नाही, तेलानं सुटतो. डोळा लालबुंद झाल्यावर समजण्यापेक्षा आधी समजलेलं बरं.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, तर लेन्स त्या क्षणी बाहेर. आणि मेडिकलवाल्याकडून "लाल डोळ्याचा ड्रॉप" आणायचा नाही! त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो, आणि आत बुरशी किंवा अमीबा मोकाट पसरतो. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. लेन्स आणि डबी रागानं कचऱ्यात टाकायची नाही, तशीच पिशवीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची. कुठला जंतू आहे हे त्यांना त्यातूनही शोधता येतं. जिथून लेन्स घेतली त्या काउंटरवर जाऊ नका. तिथे तुम्हाला नवी बाटली विकतील.