‘मत्तयकृत’ या शब्दाविषयी

आमच्या घरातल्या जुन्या मराठी बायबलात नव्या कराराचे पहिले पान उघडले की ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ असे ठळक शीर्षक दिसते. शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा वृत्तांत; नव्या करारात असे चार आहेत. संडे स्कूलमध्ये मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावे आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतली होती की ती ग्रंथकारांची आहेत, याविषयी शंका येण्याचे कारणच नव्हते. पुढे कळले की ग्रीक हस्तलिखितांत ‘कृत’ या अर्थाचा शब्दच नाही. तेथे ‘काता मात्थायोन’, म्हणजे ‘मत्तयानुसार’, एवढेच आहे. हे शीर्षकसुद्धा मूळ लेखकाने घातले नसावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. कारण ‘अमुकानुसार’ असे वेगळे सांगण्याची गरज एकाहून अधिक शुभवर्तमाने शेजारी शेजारी वाचली जाऊ लागल्यावरच पडते.

मजकुरात तर चौघांपैकी एकही जण आपले नाव सांगत नाही. लूकच्या प्रस्तावनेत ‘मी’ आहे, पण ज्याला उद्देशून ग्रंथ लिहिला त्या थियफिलाला तो सांगतो की हा वृत्तांत लिहिण्याचे काम आधी पुष्कळांनी हाती घेतले आहे आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सोपवले त्याचा आपण बारकाईने शोध घेतला आहे; म्हणजे तो स्वतः साक्षीदार असल्याचा दावा करत नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तर ‘त्याची साक्ष खरी आहे हे आम्हांला ठाऊक आहे’ असे म्हणणारे ‘आम्ही’, ज्या शिष्याने हे लिहिले असे तेथे सांगितले आहे, त्याच्याहून निराळेच आहेत.

खरी गंमत मत्तय आणि मार्क शेजारी ठेवून वाचण्यात आहे. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत जुने, साधारण इ. स. 70 च्या आसपासचे मानले जाते, आणि त्याच्या सुमारे 660 वचनांपैकी 600 च्या आसपास वचनांचा आशय, अनेकदा ग्रीक शब्दांसह, मत्तयात उतरला आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची कथाच पाहा. हा वध करवणाऱ्या गालीलच्या शासकाला, हेरोदाला, मार्क सरसकट ‘राजा’ म्हणतो. मत्तयाच्या लेखकाला ठाऊक आहे की तो राजा नव्हता, म्हणून 14व्या अध्यायाच्या आरंभी तो त्याला नेमकेपणाने ‘मांडलिक’ म्हणतो. पण नवव्या वचनापर्यंत त्याची सावधगिरी सुटते आणि योहानाचे शिर मागितले गेल्यावर ‘राजाला वाईट वाटले’ असे मार्कचेच शब्द येतात. शिवाय वाईट का वाटावे? मत्तयाच्या कथेत हेरोद स्वतःच योहानाला मारायला टपला आहे, केवळ लोकांना भिऊन थांबला आहे. मार्कच्या कथेत मात्र हेरोद योहानाला पवित्र पुरुष मानून सांभाळतो, त्यामुळे तेथे ते दुःख शोभते. समोर दुसऱ्याचा ग्रंथ ठेवून, मध्ये दुरुस्त्या करत लिहिणाऱ्या माणसाची ही खूण आहे, आणि मराठी भाषांतरातही ती स्पष्ट दिसते.

मग परंपरा कोठून आली? दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात हिएरापोलिसचा बिशप पापियास लिहितो की मार्क हा येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचा दुभाष्या होता आणि त्याने आठवले ते अचूक, परंतु क्रमाने नव्हे, असे लिहून ठेवले. मत्तयाने प्रभूची वचने हिब्रू भाषेत संकलित केली, असेही तो म्हणतो. पण ग्रीक मार्कवर उभे असलेले आपल्या हातातले मत्तय हे ते पुस्तक असू शकत नाही. इ. स. 180 च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस चारही नावे एकत्र घेतो आणि दिशा चार, वारे चार, म्हणून शुभवर्तमानेही चारच, असा युक्तिवाद करतो. (इ. स. 325 मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ही चार निवडली, असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. निकियाच्या वीस नियमांत या विषयाचा उल्लेखदेखील नाही.)

एवढ्यावरून ‘सगळे बनावट आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझे जमत नाही. बनावट कशी असते, याचा नमुना इजिप्तमधल्या अखमीम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडलेल्या ‘पेत्राच्या शुभवर्तमाना’त आहे. तेथे निवेदक उघडपणे ‘मी, शिमोन पेत्र’ असे म्हणतो. आपल्या चार ग्रंथांनी ही लबाडी केलेली नाही. ते गप्प राहिले आणि नाव नंतरच्या लोकांनी जोडले. त्यातही मार्क आणि लूक बारा शिष्यांपैकी नव्हते. नुसते वजन वाढवण्यासाठी नावे शोधायची असती, तर पेत्राला सोडून त्याच्या दुभाष्याकडे कोणी गेले नसते. म्हणून मार्कच्या नावामागे खरी आठवण असावी, असे मला वाटते.

मत्तयाविषयी मात्र मला तसे वाटत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात येशू जकातनाक्यावर बसलेल्या माणसाला बोलावतो, त्याचे नाव अल्फीचा मुलगा लेवी. मत्तयाच्या नवव्या अध्यायात प्रसंग तोच आणि जकातनाकाही तोच, पण तेथे ‘मत्तय नावाचा मनुष्य’ बसला आहे. पुढे बारा शिष्यांच्या यादीतही या एकाच ग्रंथाने मत्तयाच्या नावाला ‘जकातदार’ हा शब्द जोडला आहे. स्वतःला बोलावल्याचा प्रसंग कोणी दुसऱ्याच्या पुस्तकातून, तोही स्वतःविषयी ‘नावाचा मनुष्य’ असे म्हणत, उतरवून घेईल हे मला पटत नाही; पण लेवीच्या जागी मत्तय बसवणाऱ्या या दोन शब्दांमुळेच वाचकांनी पुढे सबंध ग्रंथ त्याच्या नावे केला असेल, हे सहज पटते.